रिकामा डबा, योशी

मागच्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी, दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका यार्डात, निवृत्त जपानी लोकलच्या एका डब्याची दारं बाहेरून रुंद चिकटपट्टी लावून बंद करण्यात आली. आत कीटकनाशक धूर सोडायचा होता. त्या वेळी डब्यात एक माणूस झोपलेला होता.

डबा रिकामा असल्याचं ज्यांनी बोट दाखवून, मोठ्यानं जाहीर केलं होतं, ते दोहाच्याच अल नस्र भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. इमारतीतली मुलं त्यांना योशीकाका म्हणत. त्यांचं खरं नाव इथे देत नाही. "लिहायचं तर लिहा, पण नाव नको. यार्डातली माणसं अजून तिथेच कामाला आहेत," असं त्यांनी मला सांगितलं आहे.

आधी त्यांची सवय सांगते. उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे, तर्जनी ताठ, मान किंचित झुकलेली. ज्या वस्तूची खात्री करायची तिच्याकडे बोट, मग तिचं नाव, मग तिची अवस्था, आणि शेवटी खणखणीत "योशी!" जपानी कामगारांच्या तोंडी या शब्दाचा अर्थ इतकाच, की पाहिलं, ठीक आहे. काका घराला कुलूप लावताना, गाडी लावताना, बाजाराच्या पिशव्या लिफ्टमधून काढताना हे करत. पार्किंगमध्ये त्यांचा आवाज घुमायचा. "हँडब्रेक, योशी! दिवे बंद, योशी! मागची सीट रिकामी, योशी!"

ही सवय त्यांना इथल्या मेट्रोच्या कामावर लागली. ते मूळचे सिन्नरचे, सेफ्टी सुपरवायझर. कारशेडमध्ये त्यांना शिकवायला एक वयस्क जपानी प्रशिक्षक आला होता. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना एका ओळीत उभं करून एका अग्निशामक नळकांड्याकडे बोट दाखवायला लावलं, तेव्हा पोरं हसून बेजार झाली. काका हसले नाहीत. प्रशिक्षकाचं म्हणणं त्यांना पटलं होतं, आणि ते मला त्यांनी अनेकदा ऐकवलं. "डोळा फसतो, म्हणून बोट. बोट फसतं, म्हणून आवाज. आवाज आपल्याच कानावर पडतो आणि कान विचारतो, खरंच का रे?"

"आणि कान फसला तर?" मी एकदा विचारलं होतं.

"कान कशाला फसेल? त्याला काही काम नसतं. तो फक्त ऐकतो."

घरी या सवयीचा जाच काकूंना होता. स्वयंपाक झाला की काका ओट्यापाशी येऊन उभे राहत.

"गॅस बंद, योशी!"

"अहो, मी बंद केलाय."

"तू केलास. मी पाहिला."

"चाळीस वर्षं मी काय घर पेटवत होते का?"

"म्हणून तर आज पाहायला घर आहे," काका म्हणत आणि ताटावर बसत.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. कुलूप ओढून बघणारा, अर्ध्या रस्त्यातून इस्त्रीसाठी परत फिरणारा. काकांचं त्याच्यापेक्षा वेगळं होतं. वस्तूंची काळजी त्यांना थोडी होती, माणसांची फार. त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "कोणी आत राहिलं नाही ना?" लिफ्टचं दार अडवून ते हे विचारत. सिनेमा संपल्यावर रिकाम्या रांगांकडे वळून पाहत. एखाद्याच्या घरून सगळे निघाले की काका शेवटी बाहेर पडत, आणि तेही एकदा आत जाऊन आल्यावर.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला एका सभासदाच्या व्हिलामध्ये आरती झाली, प्रसाद झाला, सगळे चपला शोधत होते. काका आत वळले. "मंगलमूर्ती मोरया"चा शेवटचा गजर विरतोय तोवर आतून आवाज आला, "कापूर विझला, योशी!" लोक हसले. एक जण म्हणाला, "बाप्पालाही सेफ्टी ट्रेनिंग देणार काका." पाच मिनिटांनी काका परतले तेव्हा त्यांच्यामागून पूजा सांगणारे गुरुजी येत होते. गुरुजी म्हणजे एका तेल कंपनीतले इंजिनिअर, सोवळ्यात, घामानं निथळणारे. न्हाणीघराची कडी बाहेरून अडकली होती आणि झांजांच्या आवाजात त्यांच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नव्हत्या. त्या वर्षापुरती थट्टा थांबली.

शाळेची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. बसच्या वेळेला काका घरी असले, की खाली उतरत. मुलं उतरली की ते बसमध्ये चढत, शेवटच्या रांगेपर्यंत जात, सीटखाली वाकून पाहत. मग बोट, मग "योशी!" बसचालक केरळचा होता. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले की तो वैतागायचा.

"काका, यल्ला! मैंने देखा है सब."

"आपने देखा. मैं भी देखता हूँ."

माझी मुलगी सई त्या वेळी दुसरीत होती. ती खाली उभी राहून ओरडायची, "काका, आय अ‍ॅम द लास्ट वन! देअर इज नोबडी!"

"नोबडी आहे का तेच बघतोय, बेटा," काका आतून म्हणत.

याचं कारण मला ठाऊक होतं. आखातात उन्हाळ्यात बंद गाडीत मूल राहिल्याची बातमी अधूनमधून येते. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं आहे. अशा बातम्या चार परिच्छेदांत बसवल्या आहेत. काकांना तशी एक बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. काकूंनी हे मला जिन्यात, हळू आवाजात सांगितलं होतं. "त्यांना सारखं वाटतं, कोणीतरी दार वाजवतंय आणि आपल्याला ऐकू येत नाहीये."

जपानी डबा गेल्या वर्षीच्या सुरुवातीला आला. टोकियोच्या आसपासच्या मार्गांवर बरीच वर्षं धावून सेवेतून काढलेल्या विजेच्या गाडीचा तो टोकाचा डबा होता. अंग स्टेनलेस स्टीलचं, खिडक्यांच्या खाली फिकट हिरवा पट्टा. एका हॉटेल व्यावसायिकानं तो उपाहारगृह करण्यासाठी विकत घेतला होता. आतली वायरिंग, वातानुकूलन आणि फर्निचरचं काम काकांच्या कंपनीकडे आलं आणि यार्डातल्या सुरक्षेची जबाबदारी काकांकडे.

एका शुक्रवारी ते आम्हाला डबा दाखवायला घेऊन गेले. मी, सई आणि काकू. ट्रेलरनं आणलेला डबा लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. आजूबाजूला पत्र्यांचे ढीग, जुने कंटेनर, धूळ. सावली म्हणाल तर एवढीच, डब्याची.

काका नव्या घराची वास्तू दाखवावी तसे दाखवत होते. लांबलचक आडव्या सीटा, त्यांचं मखमलीसारखं कापड, गोल कड्यांचे लोंबते पट्टे. सीटखाली जाळी होती. "यात काय असेल ओळखा."

"स्पीकर?" सई म्हणाली. ती फार खूश असली की मराठीत बोलते.

"हीटर! थंडीत बसणाऱ्याच्या पिंढऱ्या गरम राहाव्यात म्हणून." काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "कतारला हीटर घेऊन आली ही. मी पहिल्याच दिवशी तारा काढल्या."

टोकाला चालकाची केबिन होती. समोरच्या फळीवर एक गोल खाच होती; चालक त्यात आपलं घड्याळ ठेवायचा. केबिन आणि प्रवाशांचा भाग यांच्यामध्ये दार आणि काच. काचेवर केबिनच्या बाजूनं गुंडाळी पडदा. रात्री डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, रस्ता दिसत नाही, म्हणून चालक मागचा पडदा ओढून घेतो, हे काकांनी समजावलं. मग त्यांनी तो पडदा खाली ओढला.

"आता ऊन वाढायला लागलं. समोरच्या काचेतून सगळा झोत थेट आत येतो, सीटांचा रंग उडेल. म्हणून मी हा ओढूनच ठेवतो."

निघताना ते डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. दारं, योशी. सीटा, योशी. केबिन, योशी. सई त्यांच्यामागे बोट ताठ करून चालत होती.

पुढचं मी तिघांकडून ऐकलं आहे. स्वतः काका, बालाजी नावाचा इलेक्ट्रिशियन, आणि धूर सोडायला आलेल्या टोळीचा नेपाळी मुकादम. तिघांचं सांगणं एका ठिकाणी वेगळं पडतं. ते ठिकाण आलं की सांगते.

जूनमध्ये भर दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियम लागू होतो. माणसं पहाटे कामाला लागतात आणि ऊन चढायच्या आत थांबतात. धूर बुधवारी सोडायचा ठरलं होतं. सीटांच्या आत आणि जुन्या लाकडी पट्ट्यांत किडे सापडले होते. टोळी मंगळवारीच आली. त्यांचं दुसरीकडचं काम रद्द झालं होतं. दुपारी यार्ड रिकामं असतं, तेव्हा सुट्टीआधीच डबा बंद करून धूर सोडू, असं ठरलं. काकांनी यार्डातल्या सगळ्यांना एकत्र करून हे सांगितलं.

बालाजी त्या घोळक्यात नव्हता. तो लातूरकडचा, वय तिशीच्या आत. पहाटेपासून केबिनमधल्या तारा सोडवत होता, काम लवकर आटोपलं होतं. ऊन वाढल्यापासून समोरच्या काचेला बाहेरून पुठ्ठाही लावलेला होता. त्यामुळे यार्डात थोडाफार गारवा होता तो केबिनच्या जमिनीवरच. त्यानं बूट काढून डोक्याखाली घेतले आणि झोपला.

काका डब्यात चढले. एका टोकापासून निघाले. दारांकडे बोट, योशी. सीटांकडे बोट, सीटखाली वाकून, योशी. शेवटी केबिनच्या काचेकडे बोट. "केबिन रिकामी, योशी!" मग खाली उतरून, डब्याकडे तोंड करून, मुकादमाला ऐकू जाईल अशा आवाजात, "रिकामा डबा, योशी!"

मुकादमानं दारांच्या फटींवर पट्टी चिकटवायला घेतली. काका गेटकडे गेले. कंपनीची बस उभी होती, माणसं चढत होती. काका आपल्या सीटवर बसले. बस सुरू झाली. गेटवरच्या पहारेकऱ्यानं आडवा दांडा वर केला.

"मी पाणी प्यायला बाटली उघडली," काकांनी मला सांगितलं. "आणि सहज मनात सगळं पुन्हा म्हणायला लागलो. दारं, सीटा, केबिन. बोट आठवलं. आवाज आठवला. पण केबिनमध्ये काय पाहिलं ते आठवेना. मी डोळे मिटले. समोर पडदा आला."

तो पडदा त्यांनीच ओढला होता. पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी केबिन रिकामी असल्याचं सांगितलं होतं. आवाज कानावर पडला होता. कानानं काही विचारलं नव्हतं.

त्यांनी बस थांबवायला लावली. मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, "सर, क्या भूल गए?" काका उतरले आणि पळाले. साठीला टेकलेला, गुडघ्यांचा त्रास असलेला माणूस. बसमधल्या लोकांनी त्यांना पळताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

इथे सांगण्यात फरक पडतो. मुकादम म्हणतो, नळी जोडून झाली होती पण झडप उघडायला अजून वेळ होता. काका म्हणतात, मुकादमाचा हात झडपेवर होता. बालाजी झोपेत होता. याहून जास्त खात्री मला करता आलेली नाही.

"रुको! खोलो!"

"क्या हुआ साब? टेप लग गया, खलास."

"खोलो!"

"आपने ही बोला ना खाली है?"

"मैंने गलत बोला!"

मुकादम म्हणतो, इतक्या वर्षांत कोणा साहेबाच्या तोंडून त्यानं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं, म्हणून त्यानं पुढे काही विचारलं नाही. दोघांनी मिळून पट्टी ओरबाडून काढली. दार हातानं ढकलून उघडावं लागलं. आत गरम हवेचा लोट होता. वातानुकूलन अजून बसलेलं नव्हतं; डबा बंद केल्यापासूनच तापायला लागला होता. काका सीटांना धरत केबिनपर्यंत गेले आणि दार उघडलं.

बालाजी कुशीवर पडलेला होता. शर्ट पूर्ण भिजला होता. काकांनी हाक मारली. तो हलला नाही. त्यांनी खांदा धरून हलवलं, तोंडावर बाटलीतलं पाणी ओतलं, पुन्हा हाक मारली. मुकादमानं त्याचे पाय धरले, काकांनी काखेत हात घातले, आणि दोघांनी त्याला दारापाशी वाऱ्यावर आणलं. तिथे त्यानं डोळे किलकिले केले.

"साहेब," तो म्हणाला, "सुट्टी सरली व्हय?"

काका खाली, डब्याच्या पायरीवर बसले. बालाजीला दवाखान्यात नेलं. सलाइन लावून संध्याकाळी सोडलं. काका बरोबर होते. परतल्यावर त्यांनी आमची बेल वाजवली. मी दार उघडलं तर दारात नुसते उभे.

"सई घरात आहे?"

"आहे काका. काय झालं?"

"नुसतं विचारलं. दिसते का बघू द्या."

सई आतून आली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. पुढच्या काही आठवड्यांत ते असे अनेकदा आले. कधी सईसाठी, कधी माझ्या नवऱ्यासाठी, कधी शेजारच्या घरातली माणसं दिसली का हे विचारायला. आम्ही दिसत असू, एवढंच त्यांना पुरे होई.

यार्डात मॅनेजरनं त्यांना बोलावून सांगितलं, की काही घडलेलं नाही, तेव्हा सांगण्यासारखंही काही नाही. आणि सांगितलं तर कामाच्या वेळेत झोपल्याबद्दल बालाजीवर कारवाई करावी लागेल. दुसऱ्या दिवशी पहाटे काम सुरू होण्याआधीच्या बैठकीत काका सगळ्यांसमोर उभे राहिले. ते हिंदीत बोलले. बालाजीनं ते मला जसंच्या तसं सांगितलं.

"कल मैंने बंद परदे को उँगली दिखाई और बोला केबिन खाली है. अंदर आदमी था. परदा भी मैंने ही गिराया था. बालाजी की गलती नहीं है, यार्ड में छाँव कहाँ है? आज से मेरी योशी पर कोई दरवाजा बंद नहीं करेगा. दूसरा आदमी अंदर जाएगा, हाथ लगाएगा, फिर बंद."

कोणी हसलं नाही. बालाजीवर कारवाई झाली नाही. त्या आठवड्यात यार्डात सावलीसाठी एक छप्पर उभारलं गेलं.

त्या दिवसापासून आम्ही काकांचं बोट पाहिलं नाही. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी काका बसमध्ये चढले. त्यांनी प्रत्येक सीटवर तळहात ठेवला, पुढून मागे, मग मागून पुढे. वेळ लागला. मागे हॉर्न वाजत होते. चालक आरशातून पाहत होता.

"काका, आज योशी नहीं?"

"नहीं," काका म्हणाले. "हाथ लगा के देखता हूँ."

चालकानं इंजिन बंद केलं आणि ते उतरेपर्यंत थांबला.

हिवाळ्यात काका-काकू भारतात परत गेले. मॅनेजरच्या म्हणण्याप्रमाणे प्रकल्प संपला आणि करार वाढवला नाही. बालाजीच्या म्हणण्याप्रमाणे काकांनीच सांगितलं, की माणसांची जबाबदारी आता माझ्याकडे देऊ नका. मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही खरं आहे. लिहा दोन्ही."

निघायच्या दिवशी आम्ही खाली गेलो होतो. बॅगा गाडीत ठेवल्या. काकू पुढे बसल्या. काका पुन्हा वर गेले. बराच वेळ झाला तशी काकू म्हणाल्या, "सई, जा गं, बोलावून आण त्यांना." सई धावत गेली. तिनं येऊन सांगितलं, की काका रिकाम्या घरात भिंतींच्या कपाटांत हात घालून बघताहेत.

"अँड ही सेड वेट, आय हॅव नॉट डन द किचन," सई म्हणाली.

काकूंनी पदर सारखा केला. काका आले, गाडीचं मागचं दार उघडलं, सीटवर हात ठेवला आणि बसले.

मी सिन्नरला अधूनमधून फोन करते. काकू सांगतात, गॅस बंद केला की शेगडी गार होईपर्यंत ते ओट्यापाशी उभे असतात. झोप थोडी सुधारली आहे. रस्त्यावर शाळेची गाडी दिसली की ते अजून थांबतात. तिथल्या चालकांना ते कोण हे माहीत नाही, म्हणून चढत नाहीत.

डब्याचं उपाहारगृह या वर्षी सुरू झालं. बालाजीला तिथेच देखभालीच्या कामावर घेतलं. गेल्या महिन्यात एका शनिवारी आम्ही जेवायला गेलो. सीटांचं कापड बदललं आहे, पट्टे तसेच आहेत. केबिन मुलांना पाहायला खुली असते. मधल्या काचेवर आता पडदा नाही. त्याच्या दोन खुंट्या राहिल्या आहेत. सईनं आपलं घड्याळ काढून त्या गोल खाचेत ठेवून पाहिलं.

दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत डबा बंद ठेवतात. आम्ही शेवटचे होतो. बाहेर पडून पायरीशी उभे राहिलो. बालाजी आत होता. काचेतून केबिन पूर्ण दिसत होती, आणि ती रिकामी होती. तरी त्यानं दार उघडलं, आत गेला, खाली वाकला आणि जमिनीवर तळहात ठेवला. मग बाहेर येऊन त्यानं दार लावलं.